वर्धेचा गाळ आणि गोदावरीचे मुख

वर्धा जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या वावरांतून आषाढात वाहणारे गढूळ पाणी समुद्राच्याच वाटेला लागते. मुलताईजवळ उगम पावलेली वर्धा नदी धाम, यशोदा, वणा यांचे पाणी घेऊन चपराळ्याजवळ वैनगंगेस मिळते. तेथून पुढे ती प्राणहिता होय. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत सामावते, आणि गोदावरीचे मुख आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आहे.

त्या मुखाशी गोडे व खारे पाणी एकमेकांत मिसळते आणि गाळ खाली बसतो. याच गाळावर कोनसीमेतील भातखाचरे व नारळीच्या बागा उभ्या आहेत. काकीनाड्याजवळ कोरिंगा येथे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या वृक्षांचे दाट वन आहे. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात कोळंबीची व माशांची पिले वाढतात. वादळी लाटांचा जोरही तेथे मोडतो. समुद्रातील हिल्सा मासा पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. धवलेश्वरम येथे बंधाऱ्याशी त्याची वाट अडते. तेथील कोळ्यांना तो मोठा भाव मिळवून देतो.

मात्र आता वरच्या धरणांत बराच गाळ अडत असल्याने मुखाशी पूर्वीइतका गाळ पोहोचत नाही. म्हणजे माती वावरातून गेली ती गेलीच, आणि खालच्या शेतकऱ्यालाही लाभली नाही! ती तलावांच्या व धरणांच्या पोटात बसून पाण्याची जागा खाते.

या मातीचा हिशेब ग्रामसेवकांनी गावसभेत मांडून दाखवावा. एक हेक्टर वावरावरून केवळ एक मिलिमीटर थर गेला, तरी सुमारे १३ टन माती जाते. मातीत नत्र शेकडा ०.०५ धरल्यास त्याबरोबर साडेसहा किलो नत्र जाते. असे तीन थर गेले की ४५ किलोच्या युरियाच्या जवळजवळ एका गोणीतील नत्र गेले. गोणी विकत आणता येते. माती आणता येत नाही. म्हणून उताराला आडवी पेरणी करावी, धुरे फुटू देऊ नयेत, नाल्याच्या काठचे गवत राखावे.

नदीची वाळूही अशीच ठेव आहे. ती पाणी धरून ठेवते. बेसुमार उपसा झाल्यास काठच्या विहिरींची पातळी खाली जाते, आणि उन्हाळ्यात पात्रात डांगरवाडी लावणाऱ्यांचा आधार तुटतो.

तलावात साचलेला गाळ वावरात परत नेण्यासाठी २०१७ साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. हा गाळ मुरमाड, हलक्या जमिनीस उत्तम मानवतो. खोल काळ्या जमिनीत मात्र तो घालू नये. तेथे आधीच पाण्याचा निचरा कमी असतो. बंडी भरण्यापूर्वी ओला गाळ मुठीत दाबून पाहावा. गोळा न बनता तो सुटून पडला, तर त्यात रेतीच अधिक आहे असे समजावे. चांगला गाळ पावसाळ्यापूर्वी पसरून, ढेकळे तापून फुटल्यावर वखराची पाळी द्यावी.