बुडालेले गाव, मोबाइलवरचे गाव

१९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणामुळे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या अनेक गावांना उठावे लागले. पांगलेली माणसे आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पुन्हा ‘गावकरी’ होतात. हे गाव खरेच नवे आहे काय? अभ्यासकाने केवळ संदेश मोजू नयेत. आठवणींच्या छायाचित्रांत वाडा आणि देऊळ दिसते. बौद्ध वस्तीतले विहार दिसते का, ते पाहावे. ‘प्रकल्पग्रस्त’ हे नाव सर्वांना एकच मिळाले. पण जमीनवाल्याचे शेत बुडाले, त्याची सातबाऱ्यावर नोंद होती. भूमिहीनाची मजुरी बुडाली, तिची नोंद कोठे? १४ एप्रिलच्या अभिवादनाला गटावर कोण उत्तर देतो, कोण गप्प राहतो? ही शांतताही पुरावाच आहे. जो गटावर बोलत नाही, त्याच्या घरी जाऊन ऐकावे. नाही तर पाण्यात गेलेली गावकुसाची भिंत मोबाइलवर पुन्हा उभी राहील आणि आपण तिलाच अस्मिता म्हणू.