शिक्षा म्हणजे शिकणे की मार खाणे?

‘शिक्षा’ म्हटले की आपल्याला काय आठवते? अंगठे धरणे, उठाबशा नि छडी! पण हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ आली की तिचा अर्थ शिक्षण. अक्षरे तीच, मग एकीकडे पाटी नि दुसरीकडे छडी, असे का?

शब्द मुळात संस्कृत. ‘शक्’ म्हणजे जमणे, करता येणे. त्यावरून ‘शिक्ष्’ म्हणजे आपल्यालाही जमावे अशी इच्छा धरणे, म्हणजेच शिकणे. वेदांचे शुद्ध उच्चार शिकवणाऱ्या शास्त्राचे नावच ‘शिक्षा’. सहा वेदांगांपैकी ते एक. आपले शिकणे, शिक्षक, शिक्षण हे सगळे याच घरातले.

हिंदी नि बंगालीने हा अर्थ धरून ठेवला. बंगाली लोक ‘शिक्खा’ म्हणतात. मराठी, कन्नड, तेलुगू, मलयाळम यांत मात्र शिक्षा म्हणजे दंड. गंमत अशी, की शब्द समुद्रापार गेला तरी भांडण तेच! थायलंडात ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास आणि इंडोनेशियात ‘सिक्सा’ म्हणजे छळ.

अर्थ कसा फिरला असेल, ते आपल्या बोलण्यातच दिसते. ‘थांब, तुला चांगला धडा शिकवतो’ असे कोणी म्हणाले तर आपण वही काढतो का? आपण पळ काढतो! चुकणाऱ्याला वळण लावणे हेही शिकवणेच. वळण लावायला छडी आली, नि शेवटी छडी तेवढी उरली.

२००१ पासून शाळांच्या भिंतींवर ‘सर्व शिक्षा अभियान’ असे रंगवलेले असायचे. २०१८ मध्ये त्याचे ‘समग्र शिक्षा’ झाले. मराठी माणसाला वाटायचे, सगळ्यांनाच शिक्षा! सरळ ‘शिक्षण’ म्हटले असते तर बरे झाले असते.

६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी २००९ साली कायदा झाला. हिंदीत त्याच्या नावात ‘अनिवार्य बाल शिक्षा’ आहे, मराठीत ‘सक्तीचे शिक्षण’. त्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारायला नि मानसिक त्रास द्यायला मनाई केली. म्हणजे हिंदीत हा कायदा शिक्षा देतो आणि मराठीत शिक्षा बंद करतो! ‘गुरुजी, दोन ठेवून द्या, पण शिकवा’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे कलम जरूर वाचावे.

ज्यांच्या घरचे कामाला कर्नाटकात, तेलंगणात जाऊन आलेत, त्यांनी तिकडे अर्थ बदललेले आपले आणखी शब्द विचारून आणावेत. पुढच्या अंकात लावू.