गाडी पाणंदीत बंद पडते तेव्हा

श्रावणातली रात्र होती. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंना गोठ्यात साप चावला. माझ्या मोटारसायकलवर मध्ये काकू, त्यांना धरून मागे त्यांचा मुलगा, असे आम्ही तिघे ग्रामीण रुग्णालयाकडे निघालो. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पाणंद, काळी माती, चिखल नळीपर्यंत. निम्म्या वाटेत गाडीने दोन गचके दिले, मिस मारली आणि बंद पडली. किका मारून मारून पाय भरून आला. अखेर पेट्रोल तरी आहे का बघावे म्हणून टाकीचे झाकण उघडले, तर 'फुस्स' असा आवाज आला. झाकण लावून पुन्हा किक मारली, गाडी सुरू! पुढे आणखी एकदा थांबून झाकण उघडावे लागले एवढेच. काकूंना लस वेळेत मिळाली. पण ती दहा मिनिटे मी अजून विसरलो नाही.

झाले होते काय? टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाईल तशी त्या भोकातून हवा आत यायला हवी. आदल्या दिवशी ओढ्यात गाडी धुतली, तेव्हा गढूळ पाण्याचा गाळ त्या भोकात बसला. हवा येईना म्हणून पेट्रोल उतरेना. 

वाचकहो, आपल्याकडची मोटारसायकल ही कंपनीच्या जाहिरातीतल्या गुळगुळीत रस्त्यावर चालत नाही. ती दुधाचे कॅन, खताचे पोते, कधी फवारणीचा पंप घेऊन बांधावरून, नांगरटीतून, ओढ्यातून जाते. खेळासाठी डोंगरात गाड्या पळवणारे त्यासाठी खास उंच गाड्या घेतात. आपण साध्या शंभर सीसीच्या गाडीवर तेच काम रोज करतो, तेही शर्यतीचे बक्षीस न घेता! त्यामुळे धूळ, चिखल आणि पाणी यांचा पहिला मार बसतो तो पेट्रोलच्या वाटेवर. म्हणून ही वाट टाकीपासून इंजिनापर्यंत प्रत्येकाला माहीत पाहिजे.

गाडी बंद पडली की आपण आधी किका मारत सुटतो. तसे करू नका. आधी कॉक बघा. तो बंद असेल, किंवा पेट्रोल रिझर्व्हला आले असेल आणि कॉक 'ऑन'वरच असेल, असे दहातल्या चौघांचे तरी होते, हा माझा अंदाज. मग झाकण उघडून बघा. त्यानंतर कार्बोरेटरला जाणारी नळी काढून तिचे तोंड एका बाटलीत धरा आणि कॉक उघडा. (इंजिन गार झालेले असू द्या आणि बिडीवाल्याला लांब बसवा.) अखंड धार पडली तर टाकी, कॉक आणि नळी ठीक. थेंब थेंब पडत असेल तर कॉकमधली जाळी किंवा मधला फिल्टर तुंबला आहे, किंवा नळी कुठेतरी पिळली आहे. कॉकला व्हॅक्यूमची नळी असलेल्या काही गाड्यांत मात्र इंजिन फिरल्याशिवाय धार येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता ती बाटली उजेडात धरा. ती काचेची असेल तर उत्तम. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाला मोत्यासारखे गोळा झालेले दिसेल. आपल्याकडे पावसाळ्यात पुष्कळ तक्रारी या पाण्याच्या असतात. गाडी पावसात उभी, झाकणाचे रबर गेलेले, की थेंब थेंब आत जातो. अर्धी रिकामी टाकी उभी राहिली तरी आतल्या दमट हवेचे पाणी होते आणि पत्र्याला गंज चढतो. हा गंजच पुढे लाल पिठासारखा कार्बोरेटरमध्ये उतरतो. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी भरलेली बरी.

पाणी कार्बोरेटरपर्यंत गेलेच असेल तर घाबरू नका. खालच्या वाटीला निचऱ्याचा एक स्क्रू असतो. तो सैल करा, वाटीतला घाण माल जाऊ द्या, कॉक उघडून थोडे ताजे पेट्रोल सोडा, स्क्रू आवळा. हे काम पाच मिनिटांचे. यासाठी मिस्त्रीकडे ढकलत नेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मिस्त्रीनेही 'सगळा कार्बोरेटर खोलावा लागला' म्हणून सांगितलेले ऐकले आहे. असो.

याच्या उलटी तक्रार म्हणजे ओव्हरफ्लो. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकत राहते, वास सुटतो, गाडी काळा धूर टाकते. वाटीत फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो पिन वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. पिनेखाली वाळूचा एक कण आला की दार बंद होत नाही. वाटीवर पेचकसाच्या मुठीने दोन-चार हलके टोले द्या. पुष्कळदा कण सुटतो. नाही सुटला तर घरी पोचेपर्यंत थांबाल तिथे कॉक बंद करत चला.

गाडी चोक ओढल्यावरच चालते आणि चोक सोडला की बंद, असे होत असेल तर बहुधा स्लो जेट तुंबला आहे. नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून तिथून फुकटची हवा ओढली जात आहे. मंद गतीला ठीक पण अ‍ॅक्सिलेटर पिळला की गचके, तर मेन जेट बघा. जेटच्या भोकात तार किंवा दाभण घालू नका. पितळ मऊ, भोक केसाएवढे. ते रुंदावले की गाडी जन्मभर पेट्रोल पिते. सायकलच्या पंपाने हवा मारा, तेवढे बास.

प्लगही खरे सांगतो. भरपूर किका मारूनही तो कोरडाच निघाला तर पेट्रोल येत नाही. ओला निघाला तर पेट्रोल जास्त आले आहे किंवा करंट नाही. काळी काजळी असेल तर आधी एअर फिल्टर काढा. ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागून धुरळ्यात गाडी चालवली असेल तर तो गच्च भरलेला असणारच.

ओढ्यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कार्बोरेटरच्या बाजूने बारीक नळ्या खाली सोडलेल्या असतात. त्यातल्या काही वाटीत हवा जाण्यासाठी असतात. गाडी खोल पाण्यात घातली आणि त्यांची टोके बुडाली की वाटीत हवा जात नाही आणि इंजिन भर पाण्यात दगा देते. डोंगरात गाड्या पळवणारे म्हणून एक नळी टाकीखाली वर ओढून ठेवतात. आपल्या मिस्त्रीकडून तसे करून घेता येईल. मात्र पाणी एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनात गेल्याचा संशय असेल तर किक मारू नका. आधी प्लग काढा आणि पाणी जाऊ द्या.

चिखलात गाडी आडवी पडली तर वाटीतले पेट्रोल सांडून इंजिन तुंबते. उभी करून दोन मिनिटे थांबा, चोक बंद ठेवा, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडून किक मारा.

हे झाले कार्बोरेटरचे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन बसले. त्यात कॉक नाही, चोक नाही. किल्ली फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद 'झूं' करतो. तो आवाज आला नाही तर फ्यूज आणि बॅटरी बघा. आडवी पडली की पुष्कळ गाड्या स्वतःच इंजिन बंद करतात. उभी करून किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करायची, एवढेच. पोराने नवी गाडी पाडली आणि 'सुरूच होईना' म्हणून टेम्पोत घातली, असा एक प्रकार आमच्या गावात झाला. टाकी तळाला जाईपर्यंत मात्र ही गाडी चालवू नये. पंपाला थंडावा पेट्रोलचाच असतो.

आता इथेनॉलचे. आपल्याच उसापासून ते होते, त्यामुळे त्याला नावे ठेवायला जीभ वळत नाही. 2003 मध्ये 5 टक्क्यांपासून सुरुवात झाली, 2022 मध्ये सरासरी 10 टक्के झाले आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांची मजल गाठली. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी विरघळून इंजिनात जळून जाते, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाला बसते आणि कॉक तेच आधी उचलतो. जुन्या टाकीतली चिकट घाणही ते सोडवते. जुन्या राजदूत, येझदी किंवा पहिल्या पिढीतल्या शंभर सीसीच्या गाड्यांच्या नळ्या, रबरी कड्या फुगतात नाहीतर कडक होतात. तेव्हा जुनी गाडी असेल तर नळीला दर पावसाळ्याआधी बोटाने दाबून बघा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागा. तो देणे त्यांना बंधनकारक आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाका. उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची आपली सवय सोडा. चुकून फुप्फुसात गेले तर दवाखान्यात भरती व्हावे लागते.

माझ्या सीटखाली आता एक पाना, पेचकस, जुना प्लग, वीतभर नळी, काचेची छोटी बाटली आणि टॉर्च असतो. झाकणाचे भोक दर रविवारी फुंकून घेतो. काकू अजून विचारतात, "अण्णा, भोक फुंकलं का रे?"