मलिद्याचे देणे
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. आपल्या समाजातील एक भगिनी, शोकाचे सात दिवस संपल्यावर थोड्याच काळाने, मला भेटावयास आल्या. पती रुग्णालयात असताना त्यांनी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचा नवस बोलला होता. पती आपल्या पायांनी चालत घरी आले, तर मलिदा करीन, असे त्या म्हणाल्या होत्या. ते घरी आले नाहीत. बाईंचे दोन प्रश्न होते. तो मलिदा मी अजून देणे लागते काय, हा पहिला. दुसरा त्यांनी जरा थांबून, खालच्या आवाजात विचारला. समाचाराला आलेल्या कोणीतरी त्यांना म्हटले होते की, परमेश्वरावर पूर्ण भरवसा ठेवला असता तर असे झाले नसते. माझाच भरवसा कमी पडला काय?

त्यांच्या अनुमतीने, नाव न घेता, मी हे येथे मांडीत आहे. कारण हा दुसरा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी मनातल्या मनात स्वतःला विचारलेला असणार.

पहिल्या प्रश्नाला फार वेळ लागत नाही. नवस अटीवर बोललेला होता. अट पूर्ण झाली नाही. तेव्हा देणे उरत नाही. तरीही कोणाच्या मनाला टोचणी राहिली, तर रोश हाशानापूर्वी तीन जणांसमोर नवस सोडवून घेण्याची रीत आपल्याकडे आहेच, किंवा रब्बींना विचारावे.

दुसरा प्रश्न मात्र खोल आहे. तो समजून घेण्यासाठी आपण एका शब्दापासून सुरुवात करू. इस्राएलात राहणारे आपण ‘बिटाहोन’ हा शब्द दिवसातून कितीदा ऐकतो! बसस्थानकाच्या दारात पिशवी उघडून पाहणारा माणूस बिटाहोनचा. देशाच्या संरक्षणाचे खाते बिटाहोनचे. त्याच धातूपासून विम्याला ‘बिटुआह’ हा शब्द झाला, आणि त्याचा हप्ता पगारातून कसा वजा होतो हे येथे कोणाला सांगावयास नको. शास्त्रात मात्र ‘बिटाहोन’ म्हणजे परमेश्वरावर विसंबून राहणे. शब्द एकच असल्यामुळे असेल, किंवा मनुष्यस्वभावच तसा असल्यामुळे असेल, नकळत आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. प्रार्थना हा जणू हप्ता, आणि इच्छित फळ ही जणू विम्याची रक्कम! मग रक्कम मिळाली नाही की आपण शोधू लागतो, हप्ता कोणाचा चुकला? बाईंना बोलणाऱ्या माणसाने हेच केले. त्याचा हेतू वाईट नसावा. पण त्याने विधवेच्या दुःखावर अपराधाचे ओझे आणखी चढविले.

हझोन ईश या नावाने ओळखले जाणारे रब्बी आव्राहाम येशायाहू कारेलित्झ बने ब्राक येथे राहत असत. १९५३ साली ते निवर्तले. श्रद्धा आणि भरवसा या विषयावरील त्यांचा छोटा ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या गैरसमजाचा स्पष्ट शब्दांत समाचार घेतला आहे. प्रत्येक प्रसंगी शेवट आपल्या मनासारखाच होईल अशी खात्री बाळगणे म्हणजे बिटाहोन, ही समजूत अनेकांच्या मनात घर करून बसली आहे, आणि ती चूक आहे, असे ते म्हणतात. भविष्य संदेष्ट्याशिवाय कोणास कळते? बिटाहोन एवढेच सांगतो की, जगात काहीही आंधळ्या योगायोगाने घडत नाही; सर्व त्याच्या हातून येते. शेवट काय होईल, याची हमी त्यात नाही.

आता तोरेकडे वळू. तोरेत पहिला नवस कोणी केला, हे आठवते काय? याकोबाने. घर सोडून पळताना, दगड उशाला घेऊन तो बेथेल येथे निजला, आणि सकाळी उठून त्याने नवस बोलला. त्या नवसालाही अटी होत्या. परमेश्वर माझ्याबरोबर राहिला, खावयास भाकर आणि ल्यावयास वस्त्र मिळाले, आणि मी सुखरूप पित्याच्या घरी परतलो तर, अशा त्या अटी. म्हणजे आपल्या भगिनीने जे केले ते काही अडाणीपणाचे नव्हते. आपल्या पित्याचीच ती चाल आहे.

अटी पूर्ण झाल्या. भाकर मिळाली, वस्त्र मिळाले, याकोब परतला. पण परतीच्या वाटेवर काय काय झाले ते पाहा. एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे असे कळताच तो अतिशय भ्याला. परमेश्वराचे वचन पाठीशी असताना भ्याला! रब्बींनी तालमुदात यावर विचार केला आहे. वचन मिळाल्यानंतर आपल्या हातून पाप घडले असेल आणि आपण त्या वचनाला पात्र राहिलो नसू, अशी त्याला भीती होती, असे ते सांगतात. मला येथे महत्त्वाचे वाटते ते असे की, भीती आणि भरवसा एकाच मनुष्याच्या अंतःकरणात, एकाच रात्री, शेजारी शेजारी राहू शकतात. याकोबाने मग तीन गोष्टी केल्या असे राशी दाखवून देतात: भेट पाठविली, प्रार्थना केली, आणि लढाईचीही तयारी ठेवली. भेट काही थोडीथोडकी नव्हती. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवे, सारी मिळून साडेपाचशेहून अधिक जनावरे. आणि तीही कळपाकळपांत अंतर ठेवून, एसावाचा राग टप्प्याटप्प्याने निवावा म्हणून. ‘देवावर हवाला’ असे आपण मराठीत म्हणतो तेव्हा हात जोडून स्वस्थ बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. याकोब तसा स्वस्थ बसला नाही.

त्या रात्रीनंतर सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत होता. भावाशी भेट झाली, गळाभेट झाली. आणि त्यानंतर राहेल वाटेतच प्रसूत होताना वारली. पुढे योसेफ हरवला. २२ वर्षे बापाला मुलाचा पत्ता नव्हता. म्हातारपणी फारोने वय विचारले तेव्हा याकोबाने सांगितले की माझे दिवस थोडे आणि दुःखाचे गेले. ज्याचा नवस फळला, त्याच्याही आयुष्याची कथा ही अशी आहे. राहेलीच्या मृत्यूला याकोबाचा भरवसा कमी पडला हे कारण होते, असे तिच्या कबरेजवळ उभे राहून म्हणण्याचे धैर्य कोणास होईल?

आपल्या बेने इस्राएल समाजातही एका नवसाची कथा सर्वांना ठाऊक आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत होते. ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर परमेश्वरासाठी मंदिर बांधीन असा त्यांनी संकल्प केला, अशी परंपरा आहे. ते सुटले, आणि १७९६ साली मुंबईतले पहिले सभास्थान, शाआर हारहामीम, उभे राहिले. लहानपणी ही कथा ऐकताना माझे मन भरून येई, आजही येते. पण आता वय झाल्यावर आणखी एक विचार येतो. त्या युद्धांत बंदी झालेले सगळेच काही घरी परतले नाहीत. त्यांनीही आपापल्या अंधारात देवाचा धावा केला असेल. ज्याची सुटका झाली त्याच्या प्रार्थनेची इमारत आपल्याला दिसते; ज्यांची झाली नाही त्यांच्या प्रार्थनेची खूण कोठेही नाही. म्हणून त्यांची प्रार्थना उणी होती, असे म्हणता येईल काय?

कोणी विचारील, मग रब्बी अकिवांचे काय? परमेश्वर जे करतो ते भल्यासाठीच, असे ते नित्य म्हणत. त्यांना गावात आसरा मिळाला नाही, रानात राहावे लागले. वाऱ्याने दिवा विझला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव मारले. आणि त्याच रात्री शत्रूने येऊन ते गाव कैद करून नेले. कथा खरीच मोठी आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. रब्बी अकिवा हे बोलले ते स्वतःच्या विझलेल्या दिव्याविषयी. दुसऱ्याच्या घरचा दिवा विझला असताना त्याच्या उंबरठ्यावर उभे राहून ते असे बोलल्याचे या कथेत नाही.

आणि आपला धर्मनियमही किती प्रामाणिक आहे! वाईट बातमी ऐकल्यावरही परमेश्वराला धन्य म्हणावे, असे मिश्ना सांगते. पण कोणत्या शब्दांत? शुभवार्तेला एक बेराखा, ‘हातोव वेहामेतीव’. मृत्यूच्या वार्तेला दुसरी, ‘दायान हाएमेत’. पहिलीत तो चांगला आणि चांगले करणारा. दुसरीत तो सत्य न्यायाधीश. दोन्हींसाठी एकच बेराखा ठेवता आली असती, ठेवली नाही. येणाऱ्या जगात एकच राहील, असे तालमूद सांगते. पण या जगात दोन आहेत. म्हणजे आपल्याला दुःखाला सुख म्हणावयास कोणी सांगितलेले नाही. दुःखाला दुःख म्हणूनच, पण त्याच्याकडे तोंड करून बोलावे, एवढेच सांगितले आहे. ज्या बाईंनी कबरस्तानात, आवाज फुटत नसताना, ती दुसरी बेराखा पुरी केली, त्यांचा भरवसा कमी पडला असे मी तरी म्हणणार नाही.

तालमुदात भाषेविषयीची एक छोटी हकिकत आहे. आपला भार परमेश्वरावर टाकावा, असे तेहिल्लीमच्या ५५व्या स्तोत्रात आहे. त्यातला ‘भार’ या अर्थाचा मूळ शब्द रब्बींना नीट कळत नव्हता. राब्बा बार बार हाना ओझे घेऊन एका अरब व्यापाऱ्याबरोबर वाट चालत होते. व्यापारी त्यांना नेमका तोच शब्द वापरून म्हणाला, तुझे ओझे माझ्या उंटावर टाक. शब्दाचा उलगडा झाला. मला यात आणखी एक दिसते. ओझे उंटावर गेले. चालणे मात्र राब्बांनाच होते.

आता अखेरचे. श्रद्धेला आपण ‘एमुना’ म्हणतो. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे राब्बेनूंचे हात वर असत तोवर इस्राएल जिंके. हात जड झाले. तेव्हा त्यांना बसावयास दगड दिला, आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. त्या स्थिर हातांसाठी तोरेने वापरलेला शब्द ‘एमुना’ हाच आहे. मोशेंचे हात, पण धरलेले दुसऱ्यांनी.

त्या भगिनींना मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. देणे नाही हे कळले. तरी या वर्षी तू बिश्वातला सभास्थानातला मलिदा त्या करू इच्छितात. नवसाचा नव्हे. चाळीस वर्षे त्या घरात सुखाने भाकर खाल्ली, तिचा. मात्र पोहे भिजविणे, नारळ खवणे, फळे मांडणे हे सर्व आजवर दोघे मिळून करीत असत. तेव्हा आदल्या दिवशी दुपारी चार वाजता स्वयंपाकघर उघडे राहील. नारळ पंचवीस आहेत. खवणी ज्यांच्या घरी असेल त्यांनी बरोबर आणावी.