कळकाचे बी : ४० वर्षांची प्रतीक्षा

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, सरगूरच्या परिसरात बंदीपूर आणि नागरहोळेची जंगले पसरली आहेत. हत्तींचे आवडते खाद्य असलेला कळक, म्हणजेच काटेरी बांबू, येथे वाढतो. तो साधारणतः ४० ते ५० वर्षांतून एकदाच फुलतो. एका भागातील बहुतेक बेटे जवळपास एकाच काळात फुलतात, गव्हासारखे असंख्य दाणे जमिनीवर टाकतात आणि वाळून मरतात.

एवढी प्रतीक्षा कशासाठी? अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, उंदीर व पक्ष्यांनी पोटभर खाऊनही काही बी शिल्लक राहावे, म्हणून ते एकाच वेळी विपुल पडते. या विपुलतेचा फटकाही बसतो. मिझोरममध्ये १९५९ च्या सुमारास वेगळ्या जातीच्या बांबूच्या फळांवर उंदरांची संख्या वाढली. त्यांनी पिके फस्त केल्याने दुष्काळ पडला.

कळकाचे बी काही महिन्यांतच उगवणक्षमता गमावते. त्यामुळे नवे बांबूवन पुढच्या पावसाळ्यावरच अवलंबून असते. वाळलेल्या बेटांमुळे वणव्याचा धोका वाढतो आणि हत्तींचा चाराही घटतो. म्हणूनच कोवळ्या रोपांना आग आणि चराईपासून जपणे महत्त्वाचे ठरते.