घडीची सायकल आणि पाठीचा आधार

सायकलीवर बसलेल्या माणसाचे बरेचसे वजन वीतभर बैठकीवर आणि उरलेले दोन मनगटांवर पडते. तरुणपणी ही गोष्ट ध्यानातही येत नाही. पन्नाशीच्या सुमारास मात्र बोटे बधिर होऊ लागतात, मान आखडते, आणि एके दिवशी सायकल भिंतीला टेकते ती कायमची. वास्तविक पाय थकलेले नसतात. थकलेले असतात ते हात, मान आणि कंबर. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवावयाची जी सायकल असते, तिचे खरे प्रयोजन अशा माणसाला कळते. इंग्रजीत तिला रिकंबंट म्हणतात. मराठीत रेलती सायकल म्हणावयास हरकत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. शार्ल मोशे या फ्रेंच कारागिराने बनविलेल्या अशा सायकलीवर बसून फ्रान्सिस फोर याने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम त्यामुळे मोडला. फोर काही पहिल्या प्रतीचा शर्यतपटू गणला जात नव्हता, आणि नेमके तेच अनेकांना खुपले. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी बांधली, की रेलती सायकल तिच्याबाहेर पडावी. शर्यतीत स्थान नाही म्हणून कारखानदारांचे लक्ष नाही, आणि कारखानदारांचे लक्ष नाही म्हणून दुकानात सायकल नाही, असा हा क्रम झाला. ज्यांना ती हवी होती त्यांपैकी पुष्कळांनी ती घरीच घडविली.

घरी घडविणाऱ्यांची नजर घडीच्या सायकलीकडे वळते, ती काही ती घडी होते म्हणून नव्हे. तिची चाके लहान, सोळा किंवा वीस इंचांची असतात, आणि मुख्य नळी गुडघ्याच्याही खाली असते. पाय पुढे न्यावयाचे म्हटले, की ते पुढच्या चाकाच्या वरून न्यावे लागतात. चाक मोठे असेल तर टाचा त्याला घासतात. शिवाय हिचे हँडल एका उंच दांड्यावर असते. हा दांडा दोन गुडघ्यांच्या मधून वर येतो आणि मुठी आयत्याच छातीसमोर येतात.

कामाचा आरंभ लोखंडापासून नव्हे, भिंतीपासून करावा. भिंतीला पाठ लावून, पाय सरळ करून जमिनीवर बसावे आणि भिंतीपासून तळपायापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. पाठीचा टेका आणि पायडल यांमधील अंतर याच मापावर ठरते. मग फळीची व पुठ्ठ्याची कच्ची बैठक करून ती सांगाड्यावर बांधावी आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही ते पाहावे. कायमची बैठक पातळ प्लायवूडचे थर साच्यावर सरसाने चिकटवून करता येते. कमरेचा बाक ज्या बैठकीत उतरला नाही ती बैठक नव्हे, शिक्षा होय. म्हणून इथे घाई करू नये.

यानंतर क्रँक पुढे न्यावयाचा. त्यासाठी पुढे काढलेली एक नळी लागते, आणि तिच्या टोकाला क्रँकचा आस बसेल असे भोके. ही वस्तू नवी घडविण्याची गरज नसते. भंगारातल्या लोखंडी सायकलीचा तेवढा भाग नळीसकट कापून घेतला की काम होते. कापण्यापूर्वी आतील वाट्या काढून ठेवाव्यात. रूढ इंग्लिश मापात उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस तिला सोडवतो आहे असे समजून तासभर आवळीतच राहतो. सायकलीचा मूळ सांगाडा अॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर वेल्डिंग मुळीच करू नये. उष्णतेने त्या धातूचे बळ कमी होते, आणि ते परत आणण्याची भट्टी घरी नसते. हँडलच्या दांड्याखाली जी आखूड उभी नळी असते, तिच्याभोवती पोलादी पट्ट्यांची पकड आवळावी, आणि ती फिरू नये म्हणून मुख्य नळीपर्यंत आणखी एक आधार द्यावा.

आता खऱ्या धोक्याची जागा आली, आणि ती म्हणजे बिजागरी. मूळ सायकलीत क्रँक आणि मागचे चाक दोन्ही बिजागरीच्या मागे असतात. साखळी कितीही ताणली गेली तरी तो ताण बिजागरीपर्यंत पोहोचत नाही, आणि कारखान्याने ती बिजागरी त्याच हिशेबाने घडविलेली असते. क्रँक पुढे नेला, की साखळी बिजागरीच्या वरून जाते आणि पायाच्या प्रत्येक दाबासरशी सांगाड्याची दोन टोके एकमेकांकडे ओढली जातात. हा ताण थोडाथोडका नव्हे. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर आणि दातेरी चक्र ५२ दात्यांचे असेल, तर चक्राची त्रिज्या सुमारे १०५ मिलिमीटर भरते. म्हणजे पायाने साठ किलोंचा दाब दिला असता साखळीवर जवळजवळ शंभर किलोंचा ताण येतो. उभ्या सायकलीवर पायाचा दाब शरीराच्या वजनाने बराचसा मर्यादित राहतो. इथे मात्र पाठीला टेका मिळालेला असतो, आणि माणूस स्वतःच्या वजनाहून अधिक जोर लावू शकतो. मिनिटाला साठ फेरे धरले तर तासाभरात असे ७,२०० हिसके बसतात.

माणसाच्या वजनाने मुख्य नळी मधोमध खाली दबते, आणि साखळीही तिला त्याच दिशेने वाकविते. दोन्ही भार मिळून बिजागरीची खालची बाजू उघडू पाहतात. उपाय यातूनच सुचतो. बिजागरीच्या खालून, पुढच्या उभ्या नळीच्या तळापासून मागच्या नळीच्या तळापर्यंत, एक पोलादी ताणसळई बांधावी आणि मधल्या फिरकीने ती ताठ करावी. उघडू पाहणाऱ्या फटीचा ताण मग सळई घेते. अर्थात सळई सोडल्याखेरीज सायकलीची घडी होणार नाही. घडीची सोय आणि पाठीचा टेका, या दोहोंत पहिलीला थोडी मुरड घालावी लागते. ज्याला रोज आगगाडीत सायकल न्यावयाची आहे त्याने या खटाटोपात न पडणेच बरे.

साखळी अर्थातच लांब लागते. दोन साखळ्या जोडूनही कधी कधी तिसरीचा तुकडा घ्यावा लागतो. तिची वरची, ताणाची बाजू शक्य तितकी सरळ जाऊ द्यावी, आणि वळवावीच लागली तर छर्ऱ्यांवर फिरणारी कप्पी मजबूत बसवावी. खालची ढिली बाजू प्लॅस्टिकच्या नळीतून नेली तरी चालते.

वेगाची आशा मात्र माफक ठेवावी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आडवे निजून, भोवती पूर्ण कवच घेऊन टॉड रायकर्टने २०१६ मध्ये अमेरिकेतील नेवाडात ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला, तो या नियमाच्या आधारे. घरगुती बैठक त्यामानाने उंच व उभी असते, सायकलीचे वजन वाढलेले असते, आणि चढावर पायडलवर उभे राहता येत नाही. त्यामुळे सपाटीवर किंचित लाभ आणि घाटात निश्चित तोटा, असाच हिशेब होतो. लाभ आहे तो मनगटांना आणि मानेला.

पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात, किंचित उतारावर, पाय पायडलवर न ठेवता ती नुसती घरंगळू द्यावी. तोल आला की एक पाय वर घ्यावा, मग दुसरा. रस्त्यावर जाताना मागे उंच काठीला रंगीत निशाण हवे, कारण ट्रकच्या चालकाला इतक्या खाली बसलेला माणूस सहज दिसत नाही. आणि बिजागरीच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक बारीक आडवी रेघ ओढून ठेवावी. प्रत्येक फेरीनंतर ती पाहावी; रेघेला तडा दिसला तर सांधा हलू लागला आहे असे समजून सळई पुन्हा ताठ केल्यावाचून सायकल बाहेर काढू नये.