खदानीचं पाणी कशानं मोजावं?

माजरीत कोळसा काढायचा तर आधी पाणी काढावं लागतं. वर्धा खोऱ्यातला इथला कोळसा बाराकर खडकांत आहे आणि त्याच्या डोक्यावर बऱ्याच ठिकाणी कामठीचा वाळूखडक. हा खडक पाणी पोटात धरून बसतो. खदान खोल गेली की ते पाझरत तळाला येतं. मग ते सम्पमध्ये, म्हणजे तळातल्या खड्ड्यात, गोळा करायचं आणि पंपानं वर फेकायचं. इथल्या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी १९७५ साली आली, पण पाण्याशी झगडा त्याहून जुना.

फेकलेलं पाणी मोजावंही लागतं. केंद्र सरकारच्या २४ सप्टेंबर २०२० च्या नियमांनी भूजल उपशाच्या ना-हरकतीसाठी डिजिटल मीटर आणि टेलिमेट्री बंधनकारक केली. मग विजेविना चालणारं मापक कशाला हवं? एक तर डिजिटल आकडा बरोबर आहे का, हे त्याच मीटरला विचारून कळत नाही. दुसरं, भूमिगत खाणीच्या हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की एक ठिणगी पुरते. तिथे विजेची प्रत्येक वस्तू तपासूनच खाली न्यावी लागते. पट्टी आणि पत्रा मात्र खुशाल न्या.

विजेविना मोजायचं म्हटलं की कॅटलॉगमध्ये पहिला दिसतो तो रोटामीटर. गावातल्या आरओ प्लॅंटवर उभी पारदर्शक नळी असते आणि तिच्यात एक भोवरा तरंगतो, तोच हा. नळी वर रुंद होत जाते. प्रवाह वाढला की तरंगता वर सरकतो आणि जिथे त्याचं वजन तोललं जातं तिथे थांबतो. जर्मनीतल्या आखेनच्या कार्ल क्युपर्सनं १९०८ मध्ये याचं पेटंट घेतलं. स्वच्छ पाण्याला यासारखं सोपं काही नाही. पण खदानीच्या काळ्या पाण्यात तरंगता दिसतच नाही, आणि गाळ चिकटला की त्याचं वजन बदलतं. धातूच्या नळीचा, चुंबकानं बाहेरचा काटा फिरवणारा प्रकार मिळतो. त्यात दिसण्याची अडचण सुटते, गाळाची नाही.

पंख्याचं यांत्रिक मीटर बेरीज ठेवतं, हा त्याचा मोठा गुण. पण वाळू त्याचं बेअरिंग खाते. ऑरिफिस प्लेट म्हणजे पाइपमध्ये बसवलेली भोकाची चकती; तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक यू-नळीत वाचायचा. यात फिरणारा भाग नाही, म्हणून लोकांना ती आवडते. तिची खोड वेगळी. दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह निम्मा झाला की फरक चौथाई उरतो, आणि पंप दमला की वाचन नळीच्या तळाशी जाऊन बसतं. शिवाय प्लेटच्या मागे गाळ साचतो तो वेगळाच.

माझं मत विचाराल तर इथे पाइपचा हट्टच सोडावा. पाणी वर आलं की चरात सोडायचं आणि चरावर व्ही-नॉच बसवायचा: पातळ पत्रा आणि त्यात ९० अंशांची खाच. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात बेलफास्टच्या जेम्स थॉमसन यांनी पारखली. हे लॉर्ड केल्विनचे थोरले भाऊ. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटीमीटर वर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंटीमीटर असेल तर जवळजवळ २४.७. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटीहून जास्त! म्हणूनच १० सेंटीमीटरच्या वाचनात एका मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर अडीच टक्क्यांनी चुकतं. पट्टी खाचेपाशी लावू नये, तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. उंचीच्या चौपट तरी मागे लावावी. पत्र्यामागचा गाळ फावड्यानं निघतो, त्याला मेकॅनिक लागत नाही.

चर नसेल तर पाइपच्या तोंडाशीच मोजता येतं. आडवा पाइप तोंडापर्यंत भरून वाहत असला की धारेची वरची कड किती लांब जाऊन ३० सेंटीमीटर खाली येते, ते काटकोनी पट्टीनं पाहायचं. १०० मिलिमीटरच्या पाइपची धार ५० सेंटीमीटर लांब जात असेल तर वेग सेकंदाला साधारण २ मीटर, म्हणजे पाणी सुमारे १६ लिटर. पडताळा हवा असेल तर २०० लिटरचा ड्रम खाली लावा. तो साडेबारा सेकंदांच्या आसपास भरायला हवा. भरला, आणि डिजिटल मीटर मात्र २० लिटर दाखवत असेल, तर ते बसवलेल्या जागी पाइप पूर्ण भरतो का हे आधी बघावं. विद्युतचुंबकीय मीटर फक्त वेग मोजतं. पाइप काठोकाठ भरलेला आहे हे ते गृहीतच धरतं.